वाट बदलताना देवाचं मार्गदर्शन कसं ओळखायचं: नव्या विश्वासू भावाबहिणींसाठी

खानदेशात घर हलायचे दिवस ठरलेले असतात. दिवाळी झाली की नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. बारावीचा निकाल लागला की मुली नर्सिंगच्या प्रवेशासाठी कागद गोळा करायला लागतात. भुसावळला रेल्वेतून निवृत्ती झाली की क्वार्टर सोडावं लागतं आणि गावी परतायचं की मुलाकडे पुण्याला जायचं, हा प्रश्न दारात उभा राहतो. कुणाला स्थळ आलेलं असतं, कुणाचा जोडीदार गेलेला असतो, कुणी नुकताच बाप्तिस्मा घेतलेला असतो आणि भावकीत बोलणं बंद झालेलं असतं.

अशा वेळी नवा विश्वासू पाळकांना विचारतो, 'देवाची इच्छा काय आहे हे कळतं कसं?' उत्तर मिळतं, 'प्रार्थना करा.' उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. प्रार्थना कशी करायची, किती दिवस करायची, आलेलं उत्तर देवाकडचं की आपल्याच मनातलं हे कशावरून ठरवायचं, हे कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. खाली तेच क्रमाने दिलं आहे. त्यासाठी एक शंभर पानी वही, पेन, बायबल आणि शक्यतो एक महिना लागेल.

पहिली पायरी: प्रश्न एका ओळीत लिहा

'देवा, माझ्या आयुष्याचं काय?' हा हुंदका आहे. तो देवासमोर जरूर काढावा, पण त्याला हो किंवा नाही असं उत्तर येत नाही. वहीच्या पहिल्या पानावर असं लिहा: 'जूनपासून सुरतेला कापडाच्या कारखान्यात जायचं, की शहाद्यात राहून दोन एकर निम्म्या बटाईने करायची?' त्याखाली तीन गोष्टी मांडा. उत्तर कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं आहे, निर्णयाचा भार कुणाकुणावर पडणार आहे, आणि काहीच केलं नाही तर काय होईल.

ओळ लिहून झाली की एक रात्र जाऊ द्या आणि पुन्हा वाचा. खूपदा खरा प्रश्न दुसराच निघतो. 'गाव सोडू का' या प्रश्नाच्या पोटात 'थोरल्या भावाशी बोलणं कसं सुरू करू' हा प्रश्न दडलेला असतो. तसं असेल तर आधी त्याला हात घाला, नाहीतर सुरतेला पोचल्यावरही तो तुमच्या सोबतच असेल.

दुसरी पायरी: ज्याचं उत्तर आधीच दिलेलं आहे, ते बाजूला काढा

खोटा दाखला जोडून मिळणारी नोकरी, चिरीमिरीवर चालणारा ठेका, हुंड्याची बोलणी, बायकोमुलांना वाऱ्यावर सोडून जाणं. यांसाठी उपास धरायची गरज नाही, वचन स्पष्ट आहे. नव्या माणसाची एक चूक इथे हमखास होते. देव मला सेवेला बोलावतोय असं म्हणून तो घरी म्हातारी आई उपाशी ठेवतो. मत्तय १५:४-६ मध्ये येशूने नेमकी हीच पळवाट पकडली आहे. आईबापाला द्यायचं ते 'देवाला अर्पण केलं' असं सांगून हात झटकणाऱ्यांना त्याने कडक शब्दांत सुनावलं. पाचारण खरं असेल तर आईच्या औषधाची सोयही त्याच आराखड्यात बसते. बसत नसेल, तर अजून निघायची वेळ झालेली नाही.

तिसरी पायरी: थकलेल्या जिवाने निर्णय घेऊ नका

एलीयाची गोष्ट १ राजे १९ मध्ये आहे. तो पळून रानात गेला, झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला लगेच मार्गदर्शन दिलं नाही. आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. मग चाळीस दिवसांची वाट, मग होरेब डोंगर, आणि वारा, भूकंप, अग्नी यांच्यानंतर तो शांत, हलका आवाज. क्रम लक्षात ठेवा: आधी झोप, मग जेवण, मग आवाज.

सोळाव्या शतकातले संत इग्नेशियस लोयोला यांनी याचा नियमच घालून दिला. मन कोरडं, अंधारलेलं, देवापासून दूर वाटत असेल तेव्हा आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. उजेडात जे ठरलं, ते अंधारात मोडायचं नाही. कॅथलिक असा वा प्रोटेस्टंट, हा नियम वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे. घरात मृत्यू झाला असेल तर शेत विकणं, घर मोडणं, दुसरं लग्न असे निर्णय शक्यतो वर्षभर पुढे ढकला. दुःखात माणूस जे पहिलं मिळेल ते धरतो.

उपासाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे जिवाशी गाठ असते. आठवड्यातून एक दिवस, एक वेळचं जेवण सोडणं नवख्याला पुरे. पाणी सोडू नका. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, त्यात शेतात राबणाऱ्याने निर्जळी उपास धरू नये. मधुमेह, गरोदरपण, अंगावर पाजणं, क्षयाचा उपचार, सिकलसेल यांपैकी काही असेल तर जेवण न सोडता दुसरं काही सोडा: मोबाइल, चहा, संध्याकाळचा कट्टा. आणि कुणीही, कितीही मोठ्या सभेत, 'विश्वास असेल तर गोळ्या बंद कर' म्हणालं तरी गोळ्या बंद करू नका. क्षयाच्या गोळ्या मधेच सुटल्या की आजार औषधाला दाद देईनासा होतो. झटक्यांच्या गोळ्या सुटल्या की झटके परत येतात. रात्रीमागून रात्री झोप नाही, कानात कुणीतरी हुकूम करतंय, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर म्हणतंय, असं होत असेल तर ते मार्गदर्शन नाही. त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टर गाठा, प्रार्थना बरोबरीने चालू राहील.

चौथी पायरी: वचन सलग वाचा

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ देवाची आज्ञा समजायची, ही सवय फार पसरली आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत उचललेल्या वचनाच्या चिठ्ठीचंही तेच होतं. चिठ्ठी धीर देते, त्यासाठी ती चांगली आहे. पण 'मी तुला या देशात परत आणीन' हे याकोबाला बेथेलात दिलेलं वचन चिठ्ठीवर आलं म्हणून सुरतेची नोकरी सोडायची, असा त्याचा अर्थ होत नाही. ओळीच्या आधी आणि नंतर काय आहे, ते कुणाला आणि कधी सांगितलं, हे न पाहता घेतलेलं वचन कुठेही ओढता येतं.

त्याऐवजी असं करा. आधी चार दिवसांत रूथचं पुस्तक वाचा, चारच अध्याय आहेत. दुष्काळ पडतो, घर परदेशात जातं, पुरुष मरतात, बायका परततात; स्थलांतर करणाऱ्या आपल्या माणसांना ते परकं वाटणार नाही. एक गोष्ट त्यात शोधून पाहा. रूथला स्वप्न पडत नाही, देवदूत भेटत नाही. ती सासूला सोडायचं नाकारते आणि पोटासाठी सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं, वेचायला निघते. शेत कुणाचं हे तिला ठाऊक नसतं, आणि ते सासरच्याच नात्यातल्या बवाजाचं निघतं. त्यानंतर प्रेषितांची कृत्ये रोज एक अध्याय. अठ्ठावीस अध्याय म्हणजे चार आठवडे. महिना एकतीस दिवसांचा असेल तर सोबत नीतिसूत्र्यांचा तारखेप्रमाणे अध्याय घेता येतो.

सकाळी वीस मिनिटं काढा. दहा मिनिटं वाचन, पाच मिनिटं गप्प बसणं, पाच मिनिटं वहीत तीन ओळी: वाचलेल्यातलं काय टोचलं, काय आवडलं, आज काय करायचं. एका खोलीच्या घरात गप्प बसायला जागा नसते हे खरं आहे. गच्ची, शेताचा बांध, गिरणेचा किंवा पांझरेचा काठ चालतो. फिलिप्पै गावातही प्रार्थनेची जागा नदीकाठीच होती आणि पौलाला लुदिया तिथेच भेटली.

प्रार्थना घरच्या बोलीत करा. छापील मराठीत प्रार्थना करताना माणूस चांगलं दिसायला बघतो. अहिराणीत, मावचीत, पावरीत खरं बोलतो. 'देवा, माले वाट दखाड' एवढं पुरतं.

पाचवी पायरी: हिशेब मांडा

बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो, असं येशूच म्हणाला (लूक १४:२८). त्यामुळे हिशेब करणं म्हणजे विश्वास कमी पडणं, ही समजूत काढून टाका. वहीत समोरासमोरची दोन पानं घ्या. प्रत्येक पर्यायासाठी दोन याद्या: मिळणार काय, जाणार काय. म्हणजे एकूण चार. सुरतेची खोली, डिपॉझिट, येण्याजाण्याचं भाडं, घरी पाठवायची रक्कम, मुलांची शाळा हे सगळं आकड्यांत. आणि आकड्यांत न बसणारंही लिहा: रविवारची सुटी मिळणार का, जवळ मंडळी आहे का, बायको तिथे कुणाशी बोलेल.

मग तीन दिवस पहिला पर्याय ठरला असं धरून वागा. कुणाला सांगू नका, फक्त त्या मनाने उठा, कामाला जा, झोपा. रोज रात्री दोन ओळी लिहा. पुढचे तीन दिवस दुसरा पर्याय. इग्नेशियस १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणावर पडले होते, तेव्हा त्यांना हेच जाणवलं. काही स्वप्नरंजनं चालू असताना गोड वाटायची आणि संपल्यावर मन ओसाड व्हायचं. दुसरी काही संपल्यावरही आनंद मागे ठेवून जायची. म्हणून विचार करताना कसं वाटलं यापेक्षा विचार संपल्यावर तासाभराने कसं वाटलं, ते टिपा. त्यांचीच आणखी एक युक्ती उपयोगी पडते. अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला, तर तुम्ही त्याला काय सांगाल? ते उत्तर लिहा आणि स्वतःला वाचून दाखवा.

सहावी पायरी: तीन माणसं

नीतिसूत्रे १५:२२ म्हणतं, मसलत नसली की बेत फसतात. पण सगळ्या गावाला विचारलंत तर गोंधळच हाती येईल. तीन माणसं निवडा. पहिलं, तुमच्यापेक्षा जास्त वर्षं विश्वासात चाललेलं: पाळक, फादर, मंडळीतले वडील किंवा एखादी अनुभवी बाई. दुसरं, त्या कामातलं जाणकार, मग ते ख्रिस्ती नसलं तरी चालेल. केळीच्या भागीदारीचा प्रश्न असेल तर रावेर-यावलचा चार हंगाम तोटा खाल्लेला शेतकरी जे सांगेल, ते पाळकांना सांगता येणार नाही. तिसरं माणूस सगळे विसरतात: तुमच्या निर्णयाने ज्याचं नुकसान होणार आहे ते. बहुतेक वेळा ती घरातली बाई असते.

तिघांना एकच प्रश्न विचारा: 'यात मला न दिसलेलं काय आहे?' 'मी जाऊ का?' असं विचारलंत तर समोरचा तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतो. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मधे बोलू नका.

बाहेरून आलेल्या प्रचारकाने सभेत तुमच्यासाठी काही 'दर्शन' सांगितलं तर? तुच्छ लेखू नका, डोळे झाकून घेऊही नका. पौलाने थेस्सलनीकाकरांना दोन्ही एका दमात लिहिलं आहे (१ थेस्सलनीका ५:२०-२१). वहीत शब्दशः लिहून ठेवा आणि तीनही माणसांना दाखवा. चार खुणांवर मात्र सावध व्हा: पैसे मागितले, घाई केली, 'कुणाला सांगू नको' म्हटलं, किंवा एकटं बोलावलं. मुलींनो, 'देवाने मला सांगितलंय की तू माझी बायको होणार' असं कुणी म्हणालं तर उत्तर सरळ आहे: 'मग देव मलाही सांगेल, तोवर तुम्ही माझ्या घरच्यांशी आणि पाळकांशी बोला.' ज्याचं मन स्वच्छ आहे त्याला याचा राग येत नाही.

सातवी पायरी: उघडं दार आणि बंद दार

'दार उघडलं म्हणजे देवाची इच्छा' हे आपल्या मंडळ्यांमधलं सगळ्यात आवडतं वाक्य असेल. योनाचं काय झालं बघा. देवापासून पळताना तो याफोला गेला आणि तार्शीशला जाणारं जहाज नेमकं बंदरात उभं होतं, भाड्याचे पैसेही खिशात होते. दार सताड उघडं, दिशा चुकीची. उलट पौलाला त्रोवसात प्रभूने दार उघडलं होतं. पण त्याचा सोबती तीत तिथे भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना आणि तो निरोप घेऊन मासेदोनियाला निघाला (२ करिंथ २:१२-१३). बंद दाराचंही तसंच. प्रवेशयादीत नाव आलं नाही, याचा अर्थ 'नाही' असेल किंवा 'पुढच्या फेरीत' असेल. परिस्थिती हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

मग खुणा मागायच्या की नाही? 'उद्या पाऊस पडला तर जाईन' असलं करू नका. गिदोनाने 'लोकरीवरच दव पडू दे, जमीन कोरडी राहू दे' अशी खूण मागितली होती, तिचा दाखला दिला जातो, पण शास्ते ६ नीट वाचलं तर दिसतं की त्याला आज्ञा आधीच मिळाली होती. लोकर त्याच्या भीतीपायी होती, आणि देवाने त्याच्यावर दया केली. खूण मागायचीच असेल तर इसहाकासाठी मुलगी शोधायला निघालेल्या अब्राहामाच्या चाकरासारखी मागा (उत्पत्ती २४). विहिरीवर जी मुलगी उंटांनाही पाणी पाजेल, ती. म्हणजे त्याने मागितलेल्या खुणेतूनच मुलीचा स्वभाव दिसणार होता. स्थळ बघताना हे सोनं आहे: मुलगा पाहुण्यांशी कसा बोलतो ते राहू द्या, चहाचे कप उचलणाऱ्या पोराशी कसा बोलतो ते बघा.

आठवी पायरी: शांती आणि सुटका यांतला फरक

'मला शांती आहे' असं म्हणण्याआधी तीन दिवस थांबा. नकोसं काम टळलं, भांडण टळलं की छाती हलकी होते, ती सुटका. देवाकडची शांती भीतीसोबतही नांदते, गेथशेमानेत येशूचा जीव व्याकूळ होता तरी पाऊल मागे गेलं नाही. ओळखायचं कसं? ती तिसऱ्या दिवशी पहाटेही तिथेच असते. विरोधी मत ऐकल्यावर चिडत नाही. आणि घरातल्यांशी तुम्ही जरा मऊ बोलायला लागता, गलती ५:२२ मधली फळं थोडी तरी दिसतात. शांती आहे म्हणता आणि बायकोवर खेकसता, तर वही परत उघडा.

वचन, हिशेब, माणसं, परिस्थिती आणि ही शांती, पाचही एकाच बाजूला झुकली तर पुढे जा. चार झुकली आणि एक आडवं आलं, तर जे आडवं आलं त्यावर आठवडाभर थांबा. वचनच आडवं येत असेल, तर बाकी चारांना किंमत नाही.

काहीच झुकत नसेल तर थांबायचं. गणना ९:२२ मध्ये रानात इस्राएल लोकांना वाट दाखवणारा ढग निवासमंडपावर कधी दोन दिवस, कधी महिना, कधी वर्षभर थांबे, आणि लोक छावणीतच राहत. केळी लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. निसवण होईपर्यंत, म्हणजे घड बाहेर पडेपर्यंत, कितीतरी महिने नुसती पानंच दिसतात, पण पाणी आणि खत कुणी थांबवत नाही. थांबण्याच्या काळातही आधी मिळालेलं काम चालू ठेवायचं असतं. पण पहिल्या पानावरची तारीख आली आणि दोन्ही पर्याय चांगलेच असतील, तर एक निवडा. नवापूरच्या स्टेशनातूनच महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते, तिथे बाकावर दोन्ही राज्यांत एकदम बसता येतं. गाडीत मात्र एकाच दिशेने चढावं लागतं. दोन चांगल्या वाटांमध्ये देव पोरासारखा लपाछपी खेळत नाही.

वेळच नसेल तर

चार दिवसांत उत्तर द्यायचं असेल तर दुसरी, पाचवी आणि सहावी पायरी गाळू नका, बाकीचं कमी करा. एका संध्याकाळी चार याद्या, दुसऱ्या दिवशी तीन माणसं, एक रात्र पूर्ण झोप, मग निर्णय. चोवीस तासांच्या आत पैसे भरा म्हणणाऱ्याला 'नाही' म्हणणं जवळजवळ नेहमीच बरोबर ठरतं.

निर्णयानंतर

वहीत तारीख घालून लिहा: काय ठरलं, कोणत्या पाच कारणांनी. तीन महिन्यांनी वाचण्यासाठी कॅलेंडरवर खूण करा. पहिल्या पंधरा दिवसांत पस्तावा होतोच, नवी खोली, नवं पाणी, अनोळखी माणसं. तेवढ्यावरून परत फिरू नका, तिसऱ्या पायरीतला नियम इथेच लागतो. पौल दर्शनानंतर मासेदोनियाला गेला आणि थोड्याच दिवसांत फिलिप्पैच्या तुरुंगात होता, म्हणजे त्रास झाला म्हणून वाट चुकली असं होत नाही. तीन महिन्यांनी लिहिलेली कारणंच खोटी निघाली असतील, पगार सांगितला तो नव्हता, रविवार मिळत नाही, तर तीनही माणसांना कळवून परत या. त्यात लाज नाही. रूथची सासू नामी रित्या हाताने बेथलेहेमला परतली होती.

गाव सोडण्याआधी पाळकांकडून मंडळीचं पत्र घ्या आणि पोचल्यावर पहिल्याच रविवारी तिथल्या मंडळीत द्या. दुसरा रविवार उजाडला की पत्र पेटीतच राहतं. उसाच्या फडावर मंडळी नसते. तिथे दोन कुटुंबं जमली तरी पुरे: कोयते ठेवल्यावर, रविवारी संध्याकाळी, एकाच्या मोबाइलवर बायबलचा एक अध्याय लावून ऐकायचा, ज्याला वाचता येत नाही त्यालाही तो ऐकता येतो. मग प्रत्येकाने एक वाक्य प्रार्थना करायची. वही सोबत असू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, झोपडीत दव फार पडतं.